लेण्यांतला आवाज कोणाचा?

वाटाड्याबरोबर पायी हिंडावे, की कानाला यंत्र लावून एकट्याने फिरावे? हा प्रश्न वरवर पाहता सोयीचा आणि खर्चाचा वाटतो. प्रत्यक्षात तो सांस्कृतिक सत्तेचा प्रश्न आहे. दगड बोलत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी बोलतो. तो कोण, हे आपण विचारले पाहिजे.

नाशिकची लेणीच घ्या. तिथल्या शिलालेखांत त्या डोंगराचे नाव त्रिरश्मी असे येते. लोकांच्या तोंडी मात्र 'पांडवलेणी' हेच नाव रुळले. वास्तविक दहाव्या लेण्यातला ब्राह्मी लेख स्पष्ट आहे. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजार दरमहा एक टक्का व्याजाने, एक हजार पाऊण टक्क्याने. म्हणजे राजघराण्याने ज्यांच्या हाती विश्वासाने पैसा सोपवला, ते हात मागावरचे होते. श्रमणाऱ्यांच्या प्रतिष्ठेचा हा पुरावा भिंतीवर असताना पर्यटक पांडवांची कथा ऐकून परततो.

वेरूळला तर नावच दंश करते. पाचवे लेणे 'महारवाडा' म्हणून ओळखले गेले आणि इंग्रज अमदानीतल्या पुस्तकांनी ते नाव छापून पक्के केले. बौद्ध तिथून गेल्यावर गावाने आपला जातीचा नकाशा बुद्धाच्या लेण्यांवर अंथरला, हाच त्याचा अर्थ. वाटाड्या हे नाव हसत सांगेल किंवा संकोचाने गाळेल. त्याचा अर्थ सांगणारा विरळाच.

म्हणून काहीजण म्हणतात, यंत्र बरे; ते तटस्थ असते. हा भ्रम आहे. 1952 साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात रेडिओवरून असे मार्गदर्शन सुरू झाले, तेव्हा सगळे प्रेक्षक एकाच वेळी एकच व्याख्यान ऐकत होते. आज प्रत्येकाच्या मोबाईलवर ते वेगळे वाजते. पण संहिता एकच असते आणि ती कोणीतरी लिहिलेली असते. वाटाड्याची चूक दहा जणांपुरती राहते. फितीतली चूक हजारो कानांत तशीच्या तशी उतरते आणि तिला उलट प्रश्न विचारता येत नाही.

तरीही यंत्राचे गुण नाकारता येत नाहीत. ते आडनाव विचारत नाही. समोरच्याचा चेहरा पाहून कथा बदलत नाही. ते थांबवता येते, पुन्हा ऐकता येते. त्याची संहिता ठरलेली असल्यामुळे तिची जाहीर चिकित्सा करता येते. वाटाड्याचे पोट मात्र बक्षिसीवर अवलंबून असते. गिऱ्हाइकाला जे रुचते ते तो सांगतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ज्या व्यवस्थेत शिलालेख त्याच्यापर्यंत पोचला नाही, ती व्यवस्था दोषी आहे.

खरा निकष माध्यमाचा नाही, अनुभवाच्या मालकीचा आहे. अमेरिकेतल्या अल्काट्राझ तुरुंगात 1987 पासून जी फीत ऐकवली जाते, तिच्यात तिथल्या माजी कैद्यांचे आणि पहारेकऱ्यांचे आवाज आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावर 1997 साली संग्रहालय झाले, तेव्हापासून माजी राजकीय कैदीच लोकांना तुरुंग दाखवीत आले. एकीकडे यंत्र, दुसरीकडे माणूस; दोन्हीकडे भोगलेल्याचा शब्द आहे. फरक इतकाच की रॉबेन बेटावर प्रश्न विचारता येतो. पण माणूस मरतो, आवाज उरू शकतो.

आपल्याकडे काय उरले? 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्या दिवशी वीस वर्षांचा असलेला तरुण आज हयात नाही. त्याच्याबरोबर नाशिकच्या रस्त्यांवरून चालण्याची संधी आपण कायमची गमावली. परंतु 1978 च्या ठरावानंतर मराठवाड्यात ज्यांची घरे जळाली, ज्यांनी 14 जानेवारी 1994 पर्यंत नामांतराची लढाई लढवली, त्यांतले अनेकजण अजून आहेत.

तेव्हा निवड अशी करावी. विद्यार्थ्यांचा किंवा कार्यकर्त्यांचा गट असेल तर माणूसच बरोबर हवा; मात्र जाण्यापूर्वी शिलालेखाचा अर्थ सर्वांनी वाचलेला असावा, म्हणजे प्रश्न विचारता येतील. एकट्याने जायचे असेल तर यंत्र चालेल; पण संहिता कोणी लिहिली, कशाच्या आधारे लिहिली हे जी फीत सांगत नाही, तिच्यावर विश्वास ठेवू नये.

आणि एवढ्यावर थांबूनही भागणार नाही. दुसऱ्यांच्या दोन आवाजांतून एक निवडणे म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. शिक्षकांनी शिलालेख शिकवावेत, तरुणांनी वाटाडे व्हावे, आणि नामांतराच्या साक्षीदारांचे शब्द ते जिवंत असतानाच ध्वनिमुद्रित करावेत. नाहीतर उद्या आपल्या वस्त्यांचीही 'पांडवलेणी' होतील.