एका शनिवारी किती कला मावते?

जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईत कलेची गर्दी उसळते. गॅलरी वीकेंड असतो, १९९९ पासूनचा काळा घोडा महोत्सव असतो, एनसीपीए आणि पृथ्वीचे प्रयोग असतात. मग ग्रुपवर एक शीट फिरते. अकराला जहांगीर, साडेबाराला एनजीएमए, तीननंतर कुलाब्यातल्या चार गॅलऱ्या आणि रात्री नऊला जुहूला नाटक. मी सॉफ्टवेअर इंजिनियर, त्यामुळे अशी शीट मला सुंदरच वाटते. पण तिच्यात एक अट लपलेली असते. प्रत्येक कलाकृतीने आपल्याला दिलेल्या रकान्यात मावलं पाहिजे.

ही अट किती अजब आहे, ते कुणकेश्वरच्या बाजूने पाहिलं की कळतं. इथली यात्रा महाशिवरात्रीला, म्हणजे तारीख पंचांग ठरवणार. सिंधुदुर्गातल्या गावोगावच्या जत्रांचंही तसंच, आणि दशावतार या जत्रांच्या रात्री रंगतो. ‘किती वाजता?’ या प्रश्नाला तिथे नेमकं उत्तर नसतं. देवाची पालखी फिरून आली की खेळ. पूर्वरंगात गणपती, रिद्धी-सिद्धी येतात, संकासुर मालवणीत सगळ्यांची फिरकी घेतो, मग आख्यान लागतं. हातात लिखित संहिता नसते. कथा तर सगळ्यांना पाठ असते. पाहायचं असतं ते दोन नट बोलता बोलता एकमेकांना कसे कोंडीत पकडतात आणि त्यातून कसे सुटतात ते. त्याला वेळ लागतो. मधेच कुणी उठून खाजं घेऊन येतो, कुणी डुलकी काढतो. खेळ थांबत नाही, पहाटे दहीकाल्यापर्यंत चालतो.

हाच दशावतार शहरातल्या सभागृहात दोन तासांत बसवला, की पोशाख, लढाया आणि पखवाजाचा दणका टिकतो. कात्री लागते ती त्या सवाल-जवाबांना. म्हणजे फोटोत येतं ते राहतं, ऐकायचं असतं ते जातं.

तरी वेळापत्रकाला शिव्या देणं सोपं आहे. ज्याला आठवड्यात एकच सुट्टी मिळते, जिला शेवटची लोकल गाठायची असते, त्यांना प्रयोग कधी सुटणार हे कळायलाच हवं. ठरलेली वेळ ही शहराने प्रेक्षकाला दिलेली सोयच आहे. पृथ्वीवर तिसऱ्या घंटेनंतर आत सोडत नाहीत, तेही नटांचा आणि आधी येऊन बसलेल्यांचा मान राखण्यासाठीच.

म्हणून जाण्याची आणि परतण्याची वेळ जरूर आखावी. मधलं मात्र सैल सोडावं. एका दिवसात एक गॅलरी, एक नाटक. जे चित्र कळलं नाही, त्याच्यासमोर दुसऱ्यांदा उभं राहावं. नाटकानंतर चहाला तासभर ठेवावा, कारण आपल्याला काय वाटलं ते बरेचदा बोलतानाच कळतं.

आणि २०२५चा ‘दशावतार’ चित्रपट पाहून खरा खेळ पाहावासा वाटला, तर तिकीट शोधू नका. जत्रेची तिथी विचारा आणि सुट्टी दुसऱ्या दिवसाची टाका.