परंड्याची मशीद : एका वाक्याच्या पुढे

धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा किल्ल्यावर मराठीत जे लिहिले जाते, त्यात तोफा आणि बुरुजांना पाने मिळतात. आतल्या मशिदीच्या वाट्याला बहुधा एकच वाक्य येते : ती मंदिराचे खांब वापरून बांधलेली आहे. वाक्य खरे आहे. माझी तक्रार एवढीच, की जिथे अभ्यास सुरू व्हायला हवा तिथे हे वाक्य संपते.

खांब मंदिराचे असले, तरी रचना मंदिराची राहिलेली नाही. पूर्वाभिमुख देवळात भक्ताचे तोंड पश्चिमेलाच असते. आपल्याकडच्या मशिदीतही किब्ला पश्चिमेलाच. दिशा तीच, पण देवळाचा सभामंडप नजर गाभाऱ्याकडे, खोल नेतो. मशिदीला हवी असते रुंदी, कारण नमाजाच्या रांगा पश्चिम भिंतीला समांतर उभ्या राहतात. एकाच जातीचा खांब इथे वेगळ्या कामाला लावला आहे.

आता तोफेकडे पाहू. विजापुरात असलेली मुलूखमैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली गेली. पुढे ती परंड्यात होती आणि 1632 मध्ये विजापूरला गेली. तिच्यावर ओतणाऱ्या उस्तादाचे नाव आहे, आणि नावापुढे 'रूमी'. रूम म्हणजे उस्मानी तुर्कांचा मुलूख. तोफ ओतली त्याच्या पुढच्याच वर्षी, 1550 मध्ये, इस्तंबूलला सिनानने सुलेमानिया मशिदीचे काम हाती घेतले. एका महाघुमटाखाली सारी जागा मोकळी ठेवणारी ती वास्तू. निजामशाहीने तुर्कांची तोफविद्या घेतली. परंड्याच्या मशिदीत मात्र तुर्की महाघुमट नाही, दख्खनचा खांब आहे.

म्हणून या मशिदीला सरसकट परकी म्हणणे मला पटत नाही. किल्ल्यातले खरे परके तंत्र तोफेत होते, आणि तिचेच कौतुक आपण सर्वांत जास्त करतो! मूळ देवळाचे देवपण गेले, हे झाकण्याचे कारण नाही. ते लिहिलेच पाहिजे. पण ज्यांनी हे दगड पुन्हा उभे केले, त्यांचा हिशेबही त्याच पानावर यायला हवा. त्यासाठी खांबांची मापे, त्यांच्यातली अंतरे आणि सांधे एकेक करून नोंदवावे लागतील. भूम तालुक्यातले माणकेश्वरचे शिवमंदिर तुलनेसाठी जवळच आहे. परंड्यावर लिहू पाहणाऱ्याने पुढच्या खेपेला कॅमेऱ्याबरोबर मोजपट्टीही न्यावी.