‘एकही व्हायरस आढळला नाही’ या वाक्याची किंमत



विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. म्हणाला, ‘अरे, जन्मभर न्याय-मीमांसा शिकवलीस आणि आता अँटिव्हायरसवर बोलणार?’ मी म्हटलं, तेच बोलणार आहे, फक्त घटाच्या जागी फाइल आहे.

आधी माझी गोष्ट सांगतो, म्हणजे माझा राग कुठून येतो ते कळेल. निवृत्तीनंतर मी अनुपलब्धी या प्रमाणावर एक छोटं पुस्तक लिहीत होतो. टंकन एका जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडच्या आधीच्या काळातलं. मग संगणकाला नवीन अँटिव्हायरस घातला. दुकानदारानं एक आलेख दाखवला, त्यात या कंपनीची पट्टी सगळ्यांत उंच होती. मी भाळलो. चार-सहा आठवड्यांनी पुस्तकाकडे वळलो तर ते सॉफ्टवेअरच गायब. अँटिव्हायरसनं त्याला धोकादायक ठरवून क्वारंटाइनमध्ये टाकलं होतं आणि मुदत संपल्यावर पुसूनही टाकलं होतं. मूळ सीडी सापडेना. फाइली होत्या, पण उघडल्या की नुसती चिन्हांची खिचडी. दोन प्रकरणं छापील प्रतीवरून पुन्हा टंकली. तिसऱ्याची छापील प्रत नव्हती.

आलेखातली ती उंच पट्टी खोटी होती का? नव्हती. ती कशाचं मोजमाप आहे, हे मी विचारलं नव्हतं.

आता बघा, अँटिव्हायरस दोन तऱ्हेनं काम करतो. पहिली तऱ्हा ओळखण्याची. ज्ञात व्हायरसच्या खुणांची यादी त्याच्याकडे असते, फाइल त्या यादीशी ताडून पाहायची. आपल्या भाषेत ही प्रत्यभिज्ञा, ‘तोच हा’ असं ज्ञान. दुसरी तऱ्हा अनुमानाची. फाइल अनोळखी आहे, पण तिची लक्षणं संशयास्पद आहेत, म्हणून ती वाईट असावी. इथे व्याप्तीचा प्रश्न येतो. धूर जिथे जिथे, अग्नी तिथे तिथे, हे ठीक. पण कोड गुंडाळून, कुलूपबंद करून ठेवणं हे व्हायरसचं लक्षण मानलं, तर चोरीच्या प्रतींना आळा घालायला प्रामाणिक कंपन्याही तेच करतात. माझ्या टंकन-सॉफ्टवेअरनं तेच केलं असणार. नैयायिक ज्याला सव्यभिचार हेतू म्हणतात तो हा. साध्य नसलेल्या ठिकाणीही सापडणारा.

मग निर्दोष ओळखणारा प्रोग्राम बनवता येईल का? १९८४ साली फ्रेड कोहेन या अमेरिकी संशोधकानं दाखवून दिलं की नाही. युक्तिवाद फार सुंदर आहे. समजा असा परिपूर्ण परीक्षक आहे. आता मी एक प्रोग्राम लिहितो, तो आधी परीक्षकालाच विचारतो, ‘मी व्हायरस आहे का?’ उत्तर ‘हो’ आलं तर गप्प बसतो, ‘नाही’ आलं तर पसरतो. परीक्षक काहीही म्हणाला तरी चुकला! ‘मी खोटं बोलतो आहे’ म्हणणाऱ्या माणसाचा हा धाकटा भाऊ. तेव्हा कुणी ‘शंभर टक्के संरक्षण’ म्हणालं तर ती जाहिरात समजायची.

आता मूल्यमापनाकडे येऊ. जर्मनीत माग्देबुर्गला एव्ही-टेस्ट आहे, ऑस्ट्रियात इन्सब्रुकला एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज आहे, इंग्लंडातून व्हायरस बुलेटिन चालतं. माणसं मेहनती आहेत, पद्धत जाहीर करतात, याबद्दल आदर आहे. पण त्यांचे अहवाल आपण वाचतो कसे? एव्ही-टेस्ट तीन विभागांत प्रत्येकी ६ गुण देतं, एकूण १८. संरक्षण, वेग, आणि तिसऱ्याचं नाव आहे ‘यूजेबिलिटी’. आपल्याला वाटतं, वापरायला सोपं आहे की नाही. तसं नाही. त्यात मोजतात ते खोटे इशारे! माझं तिसरं प्रकरण ज्या रकान्यात गेलं, त्या रकान्याचं नाव हे. दुकानातल्या आलेखावर तो रकाना नव्हताच.

आणि खोट्या इशाऱ्यांचं गणित फसवं असतं. समजा, संगणकावर ३ लाख फाइली आहेत आणि त्यातली एकच खरोखर वाईट. परीक्षक दहा हजार चांगल्या फाइलींमागे एकदाच चुकतो. ऐकायला किती छान! पण ३० चांगल्या फाइली पकडल्या जातील आणि एक वाईट. ३१ वेळा घंटा वाजली, त्यात ३० वेळा उगाच. २१ एप्रिल २०१० ला मॅकअफीच्या एका अपडेटनं विंडोज एक्सपीचीच एक मूलभूत फाइल व्हायरस ठरवली आणि जगभर संगणक सुरू होऊन पुन्हा पुन्हा बंद पडू लागले. पहारेकऱ्यानंच घरमालकाला बाहेर काढलं.

दुसरी अडचण. परीक्षा आहे हे विद्यार्थ्याला माहीत असतं. २०१५ साली चिहू ३६० या चिनी कंपनीचं प्रकरण झालं. चाचणीला पाठवलेल्या प्रतीत बिटडिफेंडरचं इंजिन चालू, आणि चीनमधल्या ग्राहकाला मिळणाऱ्या प्रतीत ते मुळात बंद. तिन्ही संस्थांनी मिळून त्या वर्षीची प्रमाणपत्रं काढून घेतली. चाळीस वर्षं पेपर तपासले आहेत मी, मला आश्चर्य वाटलं नाही.

तिसरी अडचण मला सर्वांत गंभीर वाटते. जे मोजायचंच ठरवलेलं नाही, ते गुणांत कसं दिसणार? अवास्टला या चाचण्यांत उत्तम गुण मिळत. त्याच काळात जम्पशॉट नावाची तिची उपकंपनी ग्राहकांनी कोणती संकेतस्थळं पाहिली ही माहिती विकत होती. बोभाटा झाल्यावर २०२० च्या जानेवारीत ती बंद केली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. संरक्षणाचे गुण खरे, आणि घरातली माहिती विकली गेली हेही खरं.

आता माझ्या अपुऱ्या राहिलेल्या पुस्तकाकडे येतो. संगणक सांगतो, ‘एकही व्हायरस आढळला नाही.’ आपण ऐकतो, ‘व्हायरस नाही.’ भाट्ट मीमांसक अभावाच्या ज्ञानाला अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात, पण अट घालतात, ती योग्य अनुपलब्धी असली पाहिजे. घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेडात जमिनीवर घट दिसला नाही तर घट नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. कालच जन्मलेला व्हायरस, यादीत नसलेला, अजून काहीच हालचाल न केलेला, त्याच्या बाबतीत अँटिव्हायरस अंधारातच बसलेला असतो. आणि कुणी फोनवर ‘बँकेतून बोलतो’ म्हणून आपल्याकडूनच ओटीपी काढून घेतला, तर तिथे फाइलच नाही. घट ठेवायची जमीनच नाही.

मग घ्यायचं काय, असं पुढच्या रांगेतून मघापासून खुणावलं जातंय. सांगतो. विंडोजमध्ये डिफेंडर आयता येतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी या यादीत मायक्रोसॉफ्ट तळाला असे, अलीकडे पैकीच्या पैकी गुण मिळवतो. घरगुती वापराला मी तोच ठेवला आहे. पैसे देऊन घ्यायचा असेल तर घ्या, आपल्या पुण्यात कॅल्क्युलेटर-दुरुस्तीच्या दुकानातून उभी राहिलेली क्विक हीलही आहे. कुठलाही घ्या, पण एकाच महिन्याचा अहवाल पाहू नका, सलग दोन-तीन वर्षांचे पाहा. वरच्या चार-पाच जणांतला अर्ध्या टक्क्याचा फरक विसरून जा. खोट्या इशाऱ्यांचा रकाना आधी वाचा. सेटिंगमध्ये जाऊन ‘आपोआप पुसा’च्या जागी ‘मला विचारा’ असं करता येत असेल तर करा. विंडोजची अपडेट थांबवू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायनं इतकी इस्पितळं ठप्प केली, त्या भगदाडाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलेलं होतं.

आणि लिखाणाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या, घेतल्यावर ती डिस्क संगणकापासून काढून ठेवा. माझं तिसरं प्रकरण मी पुन्हा लिहितो आहे, आता युनिकोडमध्ये. योग्यतेच्या अटीवरचंच होतं ते. पहिल्यापेक्षा आखूड होतंय.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. चिठ्ठ्या आल्या असतील तर द्या, पहिली मोबाइलबद्दलच असणार.