दलित स्वकथनांतील बालपण : शरीराची साक्ष

दलित स्वकथनांची समीक्षा आजवर प्रामुख्याने तीन अंगांनी झाली. कुणी त्यांना सामाजिक दस्तऐवज म्हटले, कुणी त्यांच्या भाषेतला जिवंतपणा वाखाणला, आणि कुणी 'तेच ते दारिद्र्य, तीच ती भूक' म्हणून नाक मुरडले. तिन्ही प्रकारच्या समीक्षकांनी एक गोष्ट गृहीत धरली : ते बालपण आता संपले आहे. मुलगा शिकला, नोकरीला लागला, शहरात आला. उरल्या त्या आठवणी. ह्या गृहीतालाच माझी हरकत आहे. बालपणीची भूक, तहान आणि भीती माणसाच्या स्मरणात राहते तशीच ती त्याच्या रक्तदाबात, साखरेत आणि झोपेतही राहते, असे वैद्यकशास्त्र गेली काही दशके सांगत आहे. हे खरे असेल तर 'बलुतं' (१९७८), 'अक्करमाशी' (१९८४), 'जिणं आमुचं' (१९८६) ही पुस्तके आपल्याला नव्याने वाचावी लागतील. आणि ती हातात घेऊन ह्या शास्त्रालाही काही प्रश्न विचारावे लागतील.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा ह्या डॉक्टरांनी १९९८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. साडेनऊ हजारांवर प्रौढ स्त्रीपुरुषांना त्यांच्या बालपणाविषयी प्रश्न विचारले होते. घरात मारहाण होती काय, आईला कुणी मारीत होते काय, घरात कुणी दारुडे, मनोरुग्ण वा तुरुंगात गेलेले होते काय. ज्यांच्या वाट्याला असे चार वा अधिक प्रकारचे अनुभव आले होते, त्यांच्यात व्यसन, विषण्णता आणि आत्महत्येचे प्रयत्न कितीतरी पटींनी अधिक आढळले. हृदयविकार, फुप्फुसाचे व यकृताचे आजारही अनुभवांच्या संख्येबरोबर वाढत गेलेले दिसले. त्यामागची शरीराची रीत समजण्यास अवघड नाही. भय वाटले की हृदयाची धडधड वाढते, रक्तदाब चढतो, रक्तात साखर येते. हे घटकाभर झाले तर जीव वाचतो. वर्षानुवर्षे चालले तर तेच शरीराला झिजवते.

हे संशोधन मोलाचे आहे. पण ज्यांना प्रश्न विचारले ते बहुतांशी गोरे आणि सुशिक्षित होते, आणि लैंगिक अत्याचाराचा प्रश्न सोडला तर बाकीचे सारे प्रश्न घराच्या चार भिंतींतले होते. पुढे ह्या यादीत भर पडून अनुभवांचे दहा प्रकार झाले. त्यांत 'पुरेसे खायला न मिळणे' आले, पण ते आले मुलाकडे झालेल्या 'दुर्लक्षा'च्या सदरात. म्हणजे मूल उपाशी राहिले तर दोष घराचा.

येथे 'अक्करमाशी'तील संतामाय आठवावी. शेणातले ज्वारीचे दाणे वेचून, धुऊन, दळून ती भाकरी करते. ती भाकरी ती स्वतः खाते आणि नातवाला वेगळी देते. ही प्रश्नावली शरणकुमार लिंबाळे यांच्या बालपणापुढे ठेवली तर भुकेच्या रकान्यात 'दुर्लक्ष' असा शेरा पडेल. आजीने पोटाला चिमटा घेऊन केलेली राखण ज्या मोजपट्टीवर दुर्लक्ष ठरते, ती मोजपट्टी आपल्या घरांसाठी बनलेली नाही. 'बलुतं'मधील वडिलांच्या दारूचेही तसेच. प्रश्नावली त्या दारूचा एक गुण नोंदवून पुढे जाईल. परंतु दया पवारांनी पुस्तकाला नाव दिले ते वडिलांच्या व्यसनाचे नव्हे; पिढ्यान्‌पिढ्या राबवून घेऊन वर्षाकाठी धान्याचा वाटा फेकणाऱ्या गावगाड्याचे. दारू घरातली खरी, पण घराला गावकुसाबाहेर कोणी बसवले, हा प्रश्न त्या कागदावर नाही.

ह्याहून बोलके उदाहरण खुद्द बाबासाहेबांचे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आत्मपर लेखनात त्यांनी बालपणीचे प्रसंग नोंदवले आहेत. साताऱ्याच्या शाळेत त्यांना नळाला हात लावता येत नसे. शिपायाने तोटी सोडली तरच पाणी, शिपाई नसेल तर तहानलेले राहायचे. १९०१ साली वडिलांकडे गोरेगावला जाताना मसूर स्टेशनवर जात कळली आणि कोणी गाडीवान न्यायला तयार होईना. दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः गाडी हाकली. रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. आता ह्या मुलाचे घर पाहा. वडील सैन्यातले सुभेदार, मुलांच्या शिक्षणाविषयी दक्ष. आई लवकर गेली, पण आत्याने मायेने सांभाळले. अमेरिकन प्रश्नावलीत ह्या बालपणाला जवळजवळ शून्य गुण पडतील, कारण त्या मूळ यादीत आईच्या मृत्यूलाही जागा नव्हती. घर धड होते. जखम शाळेत आणि स्टेशनात झाली. पुढे २०१२-१३ च्या सुमारास फिलाडेल्फियात संशोधकांनी वंशभेद आणि वस्तीतली हिंसा हे प्रश्न यादीत घातले. हे योग्यच झाले. पण शाळेतल्या नळाविषयीचा प्रश्न त्यांनी आपल्यासाठी घालावा, अशी वाट पाहण्याचे कारण नाही.

ही जखम जन्माआधीही सुरू होते. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये कोवळ्या वयातल्या बाळंतिणींची उपासमार लिहिली आहे. त्या पानांना समीक्षकांनी 'करुण' म्हटले आणि ते पुढे गेले. इकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रिया व त्यांची मुले यांचा अभ्यास चालवला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होते. बाळे किडकिडीत, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने टिकलेली. अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका अधिक. हा अभ्यास केवळ दलितांचा नव्हता. परंतु उपाशी आईच्या पोटातच उद्याच्या आजाराची सुरुवात होऊ शकते, हे त्यातून दिसते. बेबीताईंची पाने करुण तर आहेतच, पण ती आरोग्याच्या इतिहासातली साक्षही आहे.

येथे एक धोका ओळखला पाहिजे. 'तुमची शरीरे बालपणीच बिघडली' हे वाक्य उद्या आपल्यावरच उलटवले जाईल. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या समाजाला हे नवे हत्यार मिळू नये. हे आकडे समूहाचा कल सांगतात, एका माणसाचे भविष्य सांगत नाहीत. ह्या गुणांवरून एकेका व्यक्तीचे निदान करू नये, असा इशारा अँडा यांनीच २०२० साली दिला आहे.

शिवाय मुलाच्या पाठीशी कोणी खंबीरपणे उभे राहिले तर आघाताचा जोर कमी होतो, हेही तेच शास्त्र सांगते. ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) शिक्षक मुलीला मारतात, तेव्हा टोपल्या विणणारी विधवा आई त्यांना जाब विचारते. हे उभे राहणे म्हणजे मुलीच्या आरोग्याचीच राखण. आणि आपल्याकडे ते एकट्या आईवर राहिले नाही. वसतिगृहे, जयंतीच्या मिरवणुका, १९५६ चे धर्मांतर ह्यांनी हजारो मुलांना 'दोष तुझा नाही' असे सांगितले. चळवळीचे हे काम कोणत्याही प्रश्नावलीत नोंदलेले नाही.

तरीही आपल्या स्वकथनांविषयी एक तक्रार करावीशी वाटते. त्यांतील बहुतेक शिक्षण, नोकरी वा लग्नाच्या उंबरठ्याशी थांबतात. पुढे चाळिशीत लागलेली रक्तदाबाची गोळी, साहेबाने बोलावले की सुटणारा घाम, रात्रीची तुटक झोप, मित्रांची अकाली प्रेतयात्रा, ह्यांवर फारसे कोणी लिहिले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१८ साली नोंदवले की भारतात दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय सवर्ण स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. त्या वर्षांत काय गेले, हे लिहायला आपलेच लेखक हवेत.

मी वर्गात ही पुस्तके शिकवतो. माझ्यासारखीच घरातली पहिली पदवी घ्यायला आलेली मुले-मुली समोर असतात. 'हे जुने झाले, सर' असे त्यांतले काही म्हणतात. त्यांना मी विचारतो, घरी मधुमेह किती जणांना आहे, आणि त्यांच्या लहानपणी घरात दोन वेळचे होते काय? उत्तरे येतात तेव्हा पुस्तक जुने राहत नाही. चौदा एप्रिलला आपल्या वस्त्यांत आरोग्यशिबिरे भरतात. कार्यकर्ते साखर मोजतात, चालायला जा म्हणतात. साखर जरूर मोजावी. पण त्याच कागदावर आणखी दोन ओळी असाव्यात : लहानपणी काय खाल्ले, आणि शाळेत पाणी कोणी दिले. ही माहिती जमली तर अंगणवाडीतला आहार, गरोदर बाईची मजुरीतून सुटका आणि वसतिगृहाचे जेवण ह्या मागण्या आपण दयेच्या भाषेत नव्हे, हक्काच्या भाषेत मांडू शकू.