प्लेफेअरच्या पटांतील तुटक रेषा

विल्यम प्लेफेअर यानें १७८६ सालच्या व्यापारविषयक ग्रंथांत आयातनिर्यातीचे आंकडे वर्षानुक्रमें चढत्या-उतरत्या रेषांनीं मांडिले; स्कॉटलंडचे मात्र १७८०-८१ या एकाच सालचे आंकडे हातीं असल्यानें तेथें आडवे पट्टे योजिले. साधन पाहून आकृति ठरविण्याचा हा विवेक आम्हांस स्तुत्य वाटतो. १८०१ च्या ‘स्टॅटिस्टिकल ब्रेव्हिअरी’ या ग्रंथांत, ज्यास हिंदुस्थानांतील राजसत्तांचेंही प्रकरण जोडिलें आहे, तो विवेक ढळला. (तुर्की साम्राज्याच्या तीन खंडांतील मुलखाकरितां केलेले वर्तुळाचे तीन भाग तेवढे शोभतात.) वर्तुळानें राज्याचा विस्तार, डाव्या उभ्या रेषेनें लोकसंख्या, उजवीनें वसूल दाखवून त्यानें दोहोंचीं टोकें तुटक रेषेनें जोडिलीं, तिच्या कलावरून प्रजेवरील करभार समजावा, हा हेतु. परंतु उभ्या रेषांमधील अंतर वर्तुळाच्या व्यासाएवढें. तेव्हां फरक तोच असला तरी मुलूख जितका मोठा तितका उतार मंद! रशियासारख्या राज्याचा उतार त्यामुळें फसवा ठरतो. शिवाय दशलक्ष माणसें आणि दशलक्ष पौंड एकाच मापावर धरिल्यानें कल कोणत्या बाजूस, हेंही नाण्यावर अवलंबून राहतें. पौंडांऐवजीं रुपये धरिले कीं तो फिरेल. दरमाणशीं वसुलाचे साधे पट्टे काढिले असते तर काम भागतें. मराठी दौलतीची जमाबंदी या पद्धतीनें मांडूं पाहणाऱ्यानें वर्तुळ खुशाल ठेवावें, तुटक रेषा गाळावी.