माळवदावर कोण चढलं?

सध्या जुन्या घरांवर लिहिण्याचा हंगाम आहे. आर्किटेक्ट गावात येतात, टेप लावतात, फोटो काढतात आणि मातीचं घर किती शहाणं होतं ते सांगतात. आमच्या वडीगोद्रीकडची, म्हणजे सगळ्या मराठवाड्याचीच, धाब्याची घरं त्यांना फार आवडतात. दोन हात जाड भिंत, लाकडी खांब, तुळया, वर किलचण, त्यावर पाला आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. मे महिन्यातही आत गारवा. हे सगळं खरंय, मी नाकारत नाही.

पण मित्रांनो, पांढरी म्हणजे नुसती माती नव्हे. काळी म्हणजे रान, पांढरी म्हणजे गावठाण, आणि आपला वाडा दोन्हीच्या बाहेर. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 च्या 'गाव-गाडा'त निदान बलुत्यांचा हिशेब तरी मांडला. या नव्या नकाशांत तेवढाही नाही.

आज्जी सांगायची, मिरगाच्या आधी पांढरीची टोपली डोक्यावर घेऊन शिडीनं माळवदावर चढायचं, माती पसरायची, चोपायची. वरून चालायची मुभा होती. खाली उंबऱ्याच्या आत नव्हती. तिचं स्वतःचं घर तुराट्यांच्या कुडाचं, वर गवत. तेही 'स्थानिक साहित्य'च की! त्याचं रेखाटन मी अजून पाहिलेलं नाही. 1978 ला नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या, त्या कुठल्या नकाशावर दाखवणार?

दुसरं. 'शाश्वत' म्हणताना किल्लारी आठवावी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे दगडमातीच्या भिंती आणि हेच जड माळवद झोपलेल्यांवर आलं. हजारो माणसं गेली.

मी जालन्यात सळईच्या मिलमध्ये आहे. लालभडक सळई माझ्यासमोरून पळते ती स्लॅबसाठीच. आणि स्लॅबच्या घरात रात्री बारालाही भिंतीला हात लावत नाही, हेही मलाच माहीत. म्हणून जाड भिंतीचं ज्ञान आपल्याला पाहिजेच. पण टोपलीमागं रोख मजुरी देऊन, आणि भूकंपाला टिकेल असा पट्टा भिंतीत बांधून.

आपली घरं कागदावर आलीत, पण वास्तुशास्त्राच्या वहीत नाही. दया पवारांच्या 'बलुतं'त (1978) कावाखाना आहे, लक्ष्मण मान्यांच्या 'उपरा'त (1980) गाढवाच्या पाठीवरचं बिऱ्हाड आहे. टेपवाल्यांनी ती आधी वाचावीत.

आणि टेप आपणही घ्यावी. वाड्याची ओसरी मोजा, तशी पाणवठ्यापासून वस्तीपर्यंतची पावलंही मोजा. माती कुणी वाहिली, त्यांची नावं नकाशाच्या कडेला लिहा. माझी आज्जी गेली. तिच्या वयाच्या दोघी-तिघी गावात अजून आहेत, पण एकीला आता ऐकू येत नाही. मिरगाच्या आधी जायचं ठरवू.