कोन्याकच्या काळ्या भिंती

फ्रान्समधील शारांत नदीकाठचे कोन्याक पाहावयास गेलेला प्रवासी बहुधा ब्रँडी चाखून परततो. त्याने नगर पाहिले असे म्हणता येईल काय, याची आम्हांस शंका आहे. ज्या गढीत १४९४ साली राजा पहिला फ्रान्स्वा जन्मला, तिच्या जाड भिंतींआड १८व्या शतकाच्या अखेरीपासून मद्याची पिंपे मुरत आली आहेत. वाटाड्याच्या निरूपणात राजा आरंभी येतो आणि पेला हाती येताच अंतर्धान पावतो! (फेणीची भट्टी पाहिलेल्या गोमंतकीयास दोनदा ऊर्ध्वपातन करण्याची तेथील रीत नवी वाटणार नाही.) पिंपांतून दरवर्षी सुमारे २ टक्के मद्य उडून जाते, त्यास ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. नाव गोड खरे. परंतु त्याच वाफेवर पोसलेल्या बुरशीने गावच्या भिंती व छपरे काळवंडली आहेत. नगराचे चरित्र आमच्या मते त्या काळिम्यात वाचावे, पेल्यात नव्हे.

याच नदीवरील सँत येथली जर्मानिकसची कमान इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. ती मूळची रोमन पुलावर होती; १८४३ साली पूल पाडला गेला, तेव्हा प्रॉस्पेर मेरिमे यांच्या आग्रहामुळे ती वाचली व काठावर पुन्हा उभारली गेली. प्रवाशाने तिच्यासाठी अर्धा दिवस अवश्य राखून ठेवावा.